तीन नंबरचा ओटा

फेब्रुवारीचा दुसरा शनिवार. हजर: चंद्रपूरच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले देवतळे सर, मोठी दुर्बीण त्यांची, घुग्घुसहून आलेली माझी नणंद छाया, कॅमेरा तिचा, शकीलभाऊ, जीप त्यांची, आणि मी. मी भद्रावतीला कारखान्याच्या वसाहतीत राहते आणि भांडारात नग मोजण्याची नोकरी करते, त्यामुळे यादी माझी. गैरहजर: आमचे मिस्टर. "पाखरं त आपल्याच गॅलरीत येऊन बसून राह्यले. त्यासाठी गडचिरोलीले कायले जाता?" असं म्हणून ते घरी राहिले. जाताना त्यांना मी एक काम सांगून गेले होते: गॅलरीला कबुतरांची जाळी लावून घेणे.

आम्ही ज्या गावाला गेलो त्याचं नाव इथे लिहीत नाही. गिधाडांच्या घरट्याची जागा छापून आली की पुढच्या महिन्यात तिथे गाड्या उभ्या राहतात, असं देवतळे सरांचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं. एवढं सांगते, की पोंभुर्ण्यावरून आष्टीला वैनगंगा ओलांडायची, आलापल्लीच्या सागाच्या जंगलातून दक्षिणेला जायचं, आणि मोबाइलची रेंज गेल्यावरही बराच वेळ जात राहायचं.

शनिवार, गावात

आम्हाला बोलावणं होतं, आणि ते ग्रामसभेचं होतं. आमच्या हातात काय दिलं जाणार होतं ते समजण्यासाठी आधी त्या गावचा एक नियम सांगायला हवा.

गावापासून पायी जाण्याच्या अंतरावर एक नाला वालुकाश्म कापत खोल गेला आहे. त्याच्या एका बाजूला उभा तांबूस कडा आहे. कड्यावर गिधाडं घरटी करतात आणि त्याच कड्याला आग्या मोहोळं लोंबतात. मध काढायला वरून दोर टाकून उतरावं लागतं. गावाचा नियम असा की कड्यावर गिधाडाचं पिल्लू असेल तर ते उडेपर्यंत दोर टाकायचा नाही. पिल्लू उडतं तोवर उन्हाळा चढलेला असतो. माशा मध पिऊन उठून गेलेल्या असतात. म्हणजे पिल्लू असेल तर त्या वर्षी मध नाही.

ससाण्याला आणि घुबडाला हा मान नाही. का नाही, असं मी चार जणांना विचारलं. सगळ्यात समजण्यासारखं उत्तर गावच्या भूम्याने दिलं. भूम्या म्हणजे गावाच्या देवाचं करणारा म्हातारा माणूस. तो म्हणाला, "गिध आमचं मेलेलं ढोर उचलते. ससाणा आमच्या जित्या कोंबड्या उचलते. मान कोणाले द्याचा?"

मध काढायची घरोघर पाळी असते. यंदा पोचूभाऊंच्या घरची होती. पाळी चुकली की ती सरळ पुढच्या घरी जाते आणि सगळं गाव फिरून परत येते. पोचूभाऊंची मागची पाळी आली तेव्हा त्यांचे केस काळे होते. आता ते पांढरे झाले होते, आणि ओट्यावरून उठताना ते आधी गुडघ्यांवर हात ठेवत आणि मग उठत. या पाळीसाठी त्यांनी हिवाळाभर बसून माहुलीच्या वेलाच्या सालीचा दोर वळला होता. दोराचं वेटोळं अंगणात पडलं होतं. कोंबडी त्यावर बसायला गेली की पोचूभाऊ हाकलत.

आता अडचण अशी, की कड्यावरून उतरणाऱ्याचा दोर त्याच्या साळ्यानेच धरायचा, असा तिथला रिवाज आहे. बहिणीचं कुंकू आपल्या हातात आहे म्हटल्यावर भाऊ दोर सोडत नाही, असा त्यातला हिशोब. पोचूभाऊंचा साळा म्हणजे लालसू. आणि लालसू वनखात्याच्या रोजंदारीवर काय काम करतो, तर त्याच कड्यावरच्या गिधाडांची राखण. गेली दोन वर्षं ससाण्याची एक जोडी तिथे येऊन भांडायला लागली आहे आणि गिधाडांचं पिल्लू टिकलेलं नाही. यंदाही टिकलं नाही, तर इथली राखण बंद करून दुसरीकडे हलवणार, असं लालसूच्या कानावर आलं होतं.

पिल्लू असेल तर साळ्याचं काम टिकतं आणि भाटव्याची, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याची, पाळी जाते. नसेल तर उलट. दोघांपैकी कुणीही सांगितलं तरी गावाने का ऐकावं? म्हणून बाहेरची माणसं बोलावली होती.

"हा माझा भाटवा," लालसूने ओळख करून दिली. "याचा दोर बी मीच धराचा, आन दोर टाकू नको म्हून बी याले मीच सांगाचं."

"साळा सरकारी झाला, बाई," पोचूभाऊ मला म्हणाले. "मी मंधात लटकून राहीन आन हा वरून साहेबाची परवानगी मांगत बसन."

"लटका दोघं बी," आतून आवाज आला. पोचूभाऊंची बायको, म्हणजे लालसूची बहीण, रुकमीबाई. "एकाचे गुडघे गेले, दुसऱ्याचे हात कापते. मले काऊन बोलवता मंग? रडाले?"

शकीलभाऊ खो खो हसले. "आमच्याकडं उलटं हाय. माझा साळा माझी मोटारसायकल धरून बसला दोन वर्सांपासून. सोडूनच नाई राह्यला."

मला आमच्याकडच्या लग्नांची आठवण झाली. आमची लग्नं बुद्धवंदना आणि प्रतिज्ञा होऊन आटोपतात, पण शेजाऱ्यांच्या लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो आणि त्याबद्दल कपडे घेतो. साळ्याचा मान आमच्या भागात एवढाच, एक कान आणि एक शर्टपीस. इथे त्याच्या हातात आख्खा माणूस देतात.

रुकमीबाईंनी माहुलीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेले तांदळाचे पानगे दिले, सोबत लाखोळीचं वरण आणि जवसाची चटणी. पान सोलल्यावर पानग्यावर शिरांची नक्षी उमटलेली असते. छायाने आधी फोटो काढले, मग खाल्लं, मग मला विचारलं, "वहिनी, तुमच्या यादीत 'जेवणे' लिहिलं होतं ना? नाही त हे मोजण्यात येणार नाही."

मी सोबत आणलेल्या सामानाचे नग मोजून एका कोपऱ्यात लावले. नऊ. शिध्याची गोणी धरून.

रविवार, कड्यासमोर

सकाळी थंडी होती. मोहाची झाडं पानं गाळत होती, पळसाला नुकते काळे कळे धरले होते. नाल्याशी पोचलो तेव्हा कड्याच्या माथ्यावर ऊन आलं होतं आणि खाली अजून सावली होती. समोरच्या काठावर कांडोळाची पांढरी झाडं निष्पर्ण उभी होती.

कड्यावर सात खाचा आहेत. तिथले लोक त्यांना ओटे म्हणतात. भद्रावतीला विजासनच्या लेण्यांत भिंतीत कोरलेल्या खोल्या आहेत. लहानपणी मी त्यांच्यावर मनातल्या मनात नंबर टाकायची. हे ओटे पाहून तेच झालं. प्रत्येक ओट्याखाली विष्ठेचे पांढरे ओघळ होते, काही जुने, काही ताजे. मोहोळं ओट्यांच्या मधल्या भागात होती, काळी आणि रुंद. मधूनच त्यांच्यावर एक लाट फिरायची. पाखरू जवळून गेलं की माशा एकदम अंग हलवतात, त्याची ती लाट. सुरुवातीला मला वाटलं माझे डोळेच हलले.

दोन तुकड्या केल्या. लालसू आणि सर समोरच्या काठावर उंच खडकावर बसले. पोचूभाऊ, छाया आणि मी खाली पाण्याजवळ. शकीलभाऊ जीपपाशी. काय पाहायचं ते ठरलं: कोणत्या ओट्यावर कोण, आणि पिल्लू आहे की नाही. ठरलेलं सगळं मी मोठ्याने वाचून दाखवलं. सगळे हो म्हणाले.

गिधाडं उन्हाची वाट पाहत बसतात. ऊन अंगावर आलं की पंख अर्धे उघडून उभी राहतात, ओला शर्ट वाळत घातल्यासारखी. एक गिधाड मात्र उठलं नाही. तीन नंबरच्या ओट्यावर ते खाली दबून बसलं होतं. चार नंबरवर ससाणा होता. छोटासा, छातीला तांबूस, मान ताठ. पाहता पाहता तो उडाला, उंच गेला, आणि तीन नंबरसमोरून दगड पडावा तसा खाली आला. क्याक-क्याक-क्याक असा आवाज दरीत घुमला. गिधाडाने फक्त मान आत ओढली. ससाणा परत वर. परत खाली. एवढं मोठं जनावर, एका फटक्यात त्याला संपवील असं वाटत होतं, पण ते नुसतं बसून मार खात होतं.

"उडत काऊन नाई?" छाया म्हणाली.

"उडली त बसाले जागा राहणार नाई," पोचूभाऊ म्हणाले. "ससाणा स्वतः घर बांधत नाई. दुसऱ्याचं झालं की त्यात जाते."

आमच्या वसाहतीत क्वार्टर मिळण्याच्या वेळी असंच होतं. आधीचा माणूस दोन दिवस गावाला गेला की परत येईपर्यंत दारावर दुसरीच पाटी लागलेली असते. मी हे बोलले नाही.

मग गिधाड थोडं सरकलं आणि त्याच्या पोटाखाली मला काही पांढरं दिसलं. कापसासारखं. त्याच वेळी पोचूभाऊंनी माझं कोपर दाबलं. "हललं," ते म्हणाले. मीही पाहत होते. छायाने फटाफट फोटो काढले. मी लिहिलं: ओटा तीन, गिधाड, पिल्लू. ओटा चार, ससाणा. ओटा पाच, आत अंधारात काहीतरी, ओळखता येत नाही.

दुपारी झाडाखाली सगळे जमलो, आणि इथपासून पुढचं सगळं डोकं फिरवणारं आहे.

"चार नंबरवर ससाणा," सर म्हणाले.

"बरोबर," मी म्हणाले. जुळलं. मी बरोबरची खूण केली.

"आणि तीन नंबरवर पिल्लू."

"बरोबर."

"घुबडाचं."

"गिधाडाचं," मी म्हणाले.

सर माझ्याकडे पाहू लागले. "बाई, शृंगी घुबड आहे. कान उभे, डोळे नारिंगी. सकाळपासून पाहतोय मी. मागे पांढरा गोळा बसलाय."

"मान लांब आणि केस नसलेली आहे, सर. घुबडाची मान कधी अशी पाहिली?"

"मग गिधाड पाच नंबरवर आहे."

"पाच नंबरवर अंधार आहे."

पिल्लू तीन नंबरवर आहे यात कुणाचंही दुमत नव्हतं. प्रश्न फक्त कुणाचं एवढाच होता, आणि गावाचा सगळा नियम त्याच एका गोष्टीवर होता. तेवढ्या वेळात लालसू आणि पोचूभाऊंनी एकमेकांना एकही टोमणा मारला नाही, आणि त्यावरून मला कळलं की आता हे थट्टेचं राहिलेलं नाही.

मी म्हटलं, जागा बदलू. जेवण झाल्यावर छाया आणि मी वरच्या खडकावर गेलो, सर आणि लालसू खाली पाण्याजवळ. पोचूभाऊ आमच्या मागून यायला निघाले, पण चढावावर गुडघा धरून बसले, तिथेच राहिले. आम्ही पाहिलं. तीन नंबरवर गिधाड. वरून पिल्लू दिसत नव्हतं, खडकाची कड मधे येत होती, पण गिधाड होतं. तासाभराने खाली उतरले तर सर म्हणाले, "तीन नंबरवर घुबड. शंभर टक्के."

म्हणजे दोष जागेचा नव्हता. मग कशाचा? सरांनी एक उपपत्ती मांडली, की तीन नंबरच्या ओट्याला मागे पोकळी असावी, घुबड आत आणि गिधाड बाहेर राहत असावं, आणि आम्ही पाहताना गिधाड पुढे येत असावं, ते पाहताना घुबड. छाया म्हणाली, "वहिनी पाहतात तेव्हा कोणी रांगेबाहेर येतच नसेल." ससाणा मात्र दोन्ही वेळेला चार नंबरवर होता. त्याबद्दल कुणाचंच काही म्हणणं नव्हतं. मला तोच एक विश्वासाचा वाटू लागला.

रविवार, ग्रामसभा

दिवस मावळायच्या आत गोटुलाच्या, म्हणजे गावच्या बैठकीच्या, मांडवात सभा बसली. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, लहान पोरं खांबांना धरून. भूम्या मधोमध. आम्हाला चटई दिली. सर उभे राहिले आणि घुबडाबद्दल बोलले. मी उभी राहिले आणि गिधाडाबद्दल बोलले. लोक ऐकत राहिले. मग एक बाई म्हणाली, "एकाच घरात दोघं राहते का जी? आमच्या घरात त दोन सुना राहत नाई."

हशा झाला. भूम्याने काठी पुढे केली. "जमिनीवर काढून दाखवा. कुठी काय ते."

मी काठी घेतली आणि धुळीत कड्याची आडवी रेघ ओढली. सरांनीही एक काडी उचलली. मी डावीकडून सुरुवात केली: एक, दोन, तीन. सर उजवीकडे वाकले: एक, दोन, तीन. मी चारवर आले. तेही चारवर आले. आमची डोकी आपटली.

मग लालसू म्हणाला, "माही राखण नाल्याच्या तोंडापासून सुरू होते. मी तिकडूनच मोजतो. सरले बी तसंच सांगतलं."

मी मराठी शाळेत शिकले. मी डावीकडून उजवीकडे मोजते. मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. सात ओट्यांत चार नंबर दोन्हीकडून चारच येतो. दुपारी तो एक जुळला आणि मी पुढे विचारायचं सोडून दिलं. भांडारात हे मी रोज नवीन पोरांना सांगत असते, की एक नग जुळला म्हणजे माल जुळला असं होत नाही.

मांडव हसून हसून पडायला आला होता. शकीलभाऊ डोळे पुसत होते. पण भूम्या हसला नाही. त्याने काठीने माझं तीन आणि सरांचं तीन असे दोन ठिपके दाबले. "म्हंजे घुबड इथी. गिध इथी. घुबडाचं पिल्लू पाह्यलं ते सरनं. गिधाचं पिल्लू पाह्यलं ते बाईनं. बरोबर?"

"बरोबर," मी म्हणाले.

"आणखी कोणी पाह्यलं?"

छायाने कॅमेऱ्यातला फोटो दाखवला. काळ्या ओट्यावर पांढरा डाग. सरांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, पिल्लू असू शकतं, विष्ठाही असू शकते, पिसंही असू शकतात. वरच्या खडकावरून ती जागा दिसतच नव्हती. राहता राहिले पोचूभाऊ.

"पोचू," भूम्या म्हणाला, "तू होता बाईसंग. तू काय पाह्यलं?"

पोचूभाऊ मांडवाच्या कडेला बसले होते. रुकमीबाई बायकांत बसल्या होत्या, त्यांनी पदर तोंडावर घेतला. लालसू जमिनीकडे पाहत होता. पिल्लू पाहिलं म्हणायचं तर पोचूभाऊंनी स्वतःच स्वतःचा दोर गुंडाळायचा. नाही म्हणायचं तर साळ्याची राखण हलायची, आणि ओट्यावर खरंच पिल्लू असलं तर दोराच्या धक्क्याने ते खाली.

"मी मोहोळ पाहत होतो, जी," पोचूभाऊ शेवटी म्हणाले. "पाखराकडं माहं ध्यान नव्हतं."

"पण तुम्हीच म्हणालात ना," माझ्या तोंडून गेलं, "हललं म्हणून?"

"मोहोळ हललं, बाई."

मी बसले. सकाळी माझं कोपर कोणत्या वेळी दाबलं गेलं, गिधाड सरकण्याआधी की नंतर, हे आठवायचा प्रयत्न केला. आठवत होतं, आणि दुसऱ्यांदा आठवलं तेव्हा वेगळं आठवलं. पांढरं मी पाहिलं होतं. ते हललं होतं. का त्यांनी हललं म्हटल्यामुळे मला हललेलं दिसलं? मी आयुष्यात इतक्या पावत्यांवर सह्या केल्या, पण या एका गोष्टीवर सही कर म्हटलं असतं तर हात थांबला असता.

भूम्याने काठीने धुळीतलं चित्र पुसलं. निकाल असा: होळीच्या आधी बाईने परत यावं. तोवर पिल्लू असेल तर मोठं होईल, आंधळ्यालाही दिसेल. तोवर दोर घरात. "आन बाई," तो म्हणाला, "येताना कुठून मोजाचं ते घरून ठरवून या."

सोमवार, परत

सकाळी निघताना गर्दी झाली. रुकमीबाईंनी पानगे बांधून दिले. लालसू जीपच्या मागे सामान चढवत होता. पोचूभाऊ त्याला गोण्या उचलून देत होते आणि दोघांचं चालू होतं.

"हळू टाक. बाईचा डब्बा फुटन."

"तू दे त खरी. गुडघ्यानं देतं का हातानं?"

काल थांबलेले टोमणे परत सुरू झाले होते, म्हणून मला बरं वाटलं. मी नग मोजले. नऊ. येताना नऊ, जाताना नऊ. शकीलभाऊंना निघा म्हटलं.

आलापल्लीच्या पुढे रेंज आली आणि थोड्या वेळाने लालसूचा फोन आला. तो रेंजसाठी टेकडीवर चढला होता, दम लागलेला होता. "बाई, सामान बरोबर हाय ना?"

"हो," मी म्हणाले. "नग जुळले."

तो काही तरी म्हणणार होता. मग फोन कट झाला.

भद्रावती

शिध्याची गोणी मी निघण्याआधीच रुकमीबाईंना देऊन आले होते. तांदूळ, साखर, चहा, सगळं. म्हणजे परत येताना नग आठ हवे होते. हे मला घरी, दुसऱ्या मजल्यावर सामान चढवून झाल्यावर, पाणी पिताना सुचलं.

नववी गोणी जड होती. तोंड सुतळीने बांधलेलं होतं. उघडली तर माहुलीच्या सालीचा वास आला. दोर. हिवाळाभर वळलेला, आख्खा.

तेव्हापासून मी विचार करते आहे की तो कुणी ठेवला. लालसूने ठेवला असेल. दोर गावात नसेल तर कुणी कड्यावर उतरणार नाही, पिल्लू असलं तर वाचेल, आणि फोनही त्यानेच केला होता. पण मग त्याने विचारलं का, सामान बरोबर आहे ना म्हणून? खात्री करायला की कबूल करायला? रुकमीबाईंनी ठेवला असेल. नवऱ्याचे गुडघे आणि भावाचे कापणारे हात त्यांनाच रोज दिसतात. किंवा पोचूभाऊंनीच. गोण्या त्यांनी उचलून दिल्या होत्या. मोहोळ हललं म्हणणाऱ्या माणसाला कदाचित स्वतःवर भरवसा उरला नसेल. आणि कदाचित कुणीच मुद्दाम ठेवला नसेल, गर्दीत एक गोणी जास्त चढली असेल, एवढंच.

छायाला फोन केला. ती म्हणाली, "वहिनी, तिघांनी मिळून ठेवला असेल, आणि तिघांनाही माहीत नसेल की बाकीच्या दोघांनी बी हात लावला."

गोणीत साल कुबट वास धरेल म्हणून मी दोर काढून गॅलरीत वेटोळं करून ठेवला. जाळी लागलेली नव्हती. मिस्टर म्हणाले माणूस आला नाही. पुढच्या आठवड्यात मी कामांच्या मागे लागले: शकीलभाऊंचा डिझेलचा हिशोब, सरांना फोटो पाठवणे, ग्रामसभेला पत्र. एकेक खोडत गेले. मग एका सकाळी चहाचा कप घेऊन मिस्टर गॅलरीच्या दारात थांबले आणि बाहेर गेलेच नाहीत.

"ये इकडं," ते म्हणाले. "आवाज नको करू."

दोराच्या वेटोळ्यात मधोमध चार काड्या आणि एक झाडूची काडी आडवी पडली होती. वर कबूतर बसलं होतं. खाली दबून, मान आत ओढून. दुसरं कबूतर कठड्यावर होतं आणि खालच्या मजल्याच्या छज्ज्यावरची साळुंकी त्याच्यावर ओरडत होती.

"पोटाखाली काही आहे का?" मी विचारलं.

"पांढरं आहे," मिस्टर म्हणाले. "मोज तू. मले नाई कळत."

मी मोजलं नाही. होळी जवळ आली आहे. गावाला जायचं ठरलं आहे, शकीलभाऊंनी जीप धुऊन ठेवली आहे. पिल्लू नसेल तर पोचूभाऊंना दोर लगेच लागेल आणि असेल तर लागणार नाही, पण दोर त्यांचा आहे आणि दोन्हीकडून तो तिथेच असायला हवा. सर म्हणतात, दोर राहू द्या, जाऊन आधी कडा पाहून या. लालसूचा फोन लागत नाही. सगळी कामं खोडून झाली आहेत. खाली दोन ओळी उरल्या आहेत. गॅलरीला जाळी लावणे. दोर पोचवणे.